एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने विंडोज ११ आणि उबुंटू एकाच एसएसडीवर नांदवल्यावर ठामपणे सांगता येतं, की लॅपटॉप बूट झाला नाही तरी बहुतेक वेळा काहीच पुसलं गेलेलं नसतं. गाडी नेमकी कुठे अडली ते बघायच्या आधी पुन्हा इन्स्टॉल करायला बसू नका.

ग्रब म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विंडोज की लिनक्स हे विचारणारा प्रोग्राम. त्याचा मेनू न येता थेट विंडोज उघडलं, तरी ग्रब जागच्या जागी असतो. बूटच्या नोंदी मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असतात आणि मोठ्या अपडेटनंतर विंडोज बूट मॅनेजरची नोंद कधी कधी पहिली होते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन उबुंटू वर घ्या, एवढंच. बायोसमध्ये क्रम बदलायची सोय नसेल, तर लिनक्समध्ये ‘सुडो एफीबूटएमजीआर’ नोंदी आणि त्यांचे आकडे दाखवतं. ‘-ओ’ पुढे हवे त्या क्रमाने आकडे द्यायचे.

मेनू येतो पण त्यात विंडोज नाही, याचं कारण वेगळं. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम, मुळातच बंद असतो. ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ला ‘फॉल्स’ करा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

सगळ्यात घाबरवणारा प्रकार म्हणजे काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब>’. ग्रब सुरू झालाय, त्याला मेनूची फाइल मिळत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. ‘एलएस’ टाकून पार्टिशन (डिस्कचे भाग) बघा, एकेकात बूट/ग्रब फोल्डर आहे का ते तपासा, आणि सापडल्यावर ‘कॉन्फिगफाइल’पुढे तिथल्या ग्रब.सीएफजीचा पूर्ण पाथ द्या. मेनू उभा राहतो. एकदा लिनक्समध्ये शिरलात की ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ करून दुरुस्ती कायमची करा.

हेही जमलं नाही तर लाइव्ह यूएसबी, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह. त्यावरून ग्रब पुन्हा बसवायचा. इथे दोन चुका हमखास होतात. यूएसबी लेगसी (जुन्या बायोस पद्धतीच्या) मोडमध्ये सुरू केली जाते, मग एनव्हीरॅममध्ये नोंद होऊच शकत नाही. सिस/फर्मवेअर/एफी फोल्डर दिसतंय ना, ते आधी बघा. दुसरी चूक: रूट पार्टिशन (जिथे लिनक्स आहे तो भाग) माउंट करून, म्हणजे जोडून, घाईघाईने सीएचरूट करायचं (त्या लिनक्सच्या आत शिरायचं) आणि ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्सचा भाग) बूट/एफीवर माउंट करायचं विसरायचं. डेव्ह, प्रॉक आणि सिस हे चालू लिनक्सचे फोल्डर बाइंड करायलाही (आतून दिसतील असे जोडायलाही) विसरू नका.

ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटनंतर अनेक लॅपटॉपवर ‘शिम एसबॅट’ पडताळणी फसल्याचा संदेश येऊन लिनक्स बंद पडलं होतं. शिम म्हणजे ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम, आणि एसबॅट म्हणजे त्याच्या जुन्या, असुरक्षित आवृत्त्या रोखणारी तपासणी. उपाय असा: सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद करून लिनक्समध्ये जा, ‘मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ द्या, लिनक्स पुन्हा एकदा बूट करा, शिम अपडेट करा आणि मगच सिक्युअर बूट चालू करा. पण सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर लिहून ठेवा. ती नसेल तर विंडोजमधला डेटा खरोखरच जाऊ शकतो.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप पहिल्याच दिवशी बंद करा, ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ पुरतं. ते चालू असलं की शटडाउन अर्धवट होतं आणि विंडोजचा एनटीएफएस ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचता येतो, किंवा माउंटच होत नाही. असा ड्राइव्ह एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या ड्राइव्हच्या यादीत) असेल तर बूट थेट इमर्जन्सी मोडवर जाऊन थांबतं. ड्राइव्ह सापडतच नसेल तर त्याआधी ९० सेकंद वाट बघावी लागते. त्या ओळीत ‘नोफेल’ घातलं की ड्राइव्ह नसला तरी लिनक्स उघडतं.