‘सीएसआर मंजूर झालाय, फक्त फाइल चार्ज भरा’

फेब्रुवारी-मार्चमध्ये तालुक्याच्या गावांतल्या संस्थांना हा फोन येतोच. “ताई, दर्पण पोर्टलवर तुमच्या संस्थेचं नाव बघितलं. कंपनीचा दोन कोटींचा सीएसआर पडून आहे, ३१ मार्चच्या आत द्यावा लागतो, नाहीतर बुडतो.” सीएसआर म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामांवर खर्च करायचा पैसा, आणि दर्पण म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल. विदर्भात मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका लहान संस्थेचे या फोनपायी १ लाख ४१ हजार रुपये गेले. जुनं अनुदान संपत आलं होतं आणि विश्वस्त पैशाची दुसरी वाट शोधत होते. नेमकी अशीच संस्था दलालाला हवी असते.

आधी कागद मागितले : शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त-नोंदणीचा) उतारा, पॅन, १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, तीन वर्षांचे ऑडिट आणि सही-शिक्क्याची दोन कोरी लेटरहेडं. मग ‘फाइल चार्ज’ २१ हजार, तेही एका माणसाच्या यूपीआयवर. आठवड्याभरात मंजुरीपत्राची पीडीएफ आली आणि ‘लीगल व स्टॅम्प’चे ४५ हजार मागितले गेले. शेवटी आरटीजीएस झाल्याचा स्क्रीनशॉट आला. वर निरोप, रक्कम बँकेत होल्डवर आहे, जीएसटीचे ७५ हजार भरले की सुटेल. ते भरल्यावर फोन बंद.

यातली प्रत्येक पायरी जागच्या जागी तपासता आली असती. सीएसआरचे पैसे कंपनीकडून संस्थेकडे येतात. उलट्या दिशेने एक रुपयाही जात नाही. करारनामा होतो, पण त्याला महाराष्ट्रात साधारण ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतो. आलेली रक्कम सोडवायला जीएसटी भरावा लागतो, असा प्रकार कोणत्याही बँकेत नाही. स्क्रीनशॉट तर पुरावाच नव्हे. आरटीजीएसचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, २२ अक्षरी असतो. तो घेऊन आपल्या शाखेत जावं, पासबुकात नोंद नसेल तर पैसे आलेले नाहीत.

त्या मंजुरीपत्राकडे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण सगळी लबाडी त्याच कागदावर होती. वर रंगीत लोगो, खाली जांभळा गोल शिक्का, नावाखाली ‘स्थापना १९८९’. तळाशी बारीक अक्षरात सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक. हा क्रमांक २१ अक्षरी असतो : पहिलं अक्षर एल किंवा यू, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली की नाही, मग पाच अंकी उद्योग-संकेत, दोन अक्षरी राज्य, चार अंकी स्थापनेचं वर्ष, तीन अक्षरी प्रकार आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. या पत्रावर वर्षाच्या जागी २०२३ होतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकला तेव्हा कंपनी सापडली खरी, पण भरणा झालेलं भांडवल एक लाख!

आता साधं गणित करू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे आदल्या वर्षी ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीतरी असेल तरच कंपनीला सीएसआर बंधनकारक होतो. तोही मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. म्हणजे २ कोटींचा सीएसआर लागू व्हायला सरासरी नफा १०० कोटींचा हवा. एवढ्या कंपनीला सीएसआर समिती असते, मंजूर प्रकल्पांची यादी संकेतस्थळावर लावावी लागते. फोन करायचा तो वार्षिक अहवालातल्या नंबरवर, पत्रावरच्या नंबरवर कधीच नाही. आणि ‘३१ मार्चला पैसे बुडतात’ हे खोटं आहे. चालू असलेल्या बहुवर्षीय प्रकल्पाची उरलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवतात, बाकीची सहा महिन्यांत याच कायद्याच्या परिशिष्ट ७ मधल्या एखाद्या निधीत जमा करतात. ओळखदेख नसलेल्या संस्थेला घाईने दोन कोटी देण्याची वेळ कंपनीवर येत नाही.

सीएसआर-१, म्हणजे सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेला करावी लागणारी नोंदणी, ‘आतून करून देतो’ म्हणणारेही भेटतात. त्या फॉर्मला सरकारी फी नाही. तुमचे सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंट तो डिजिटल सहीने प्रमाणित करतात, त्यांची फी तेवढी द्यायची. संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, तो कुणी विकत देऊ शकत नाही. डिजिटल सहीचा टोकन दलालाच्या हाती देणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करण्यासारखंच.

याहून घातक प्रकार ‘साठ-चाळीस’चा. इथे पैसे खरोखर येतात. एक कोटी खात्यावर, त्यातले साठ लाख रोखीने किंवा खोट्या बिलांवर परत. पैसे आले म्हणून विश्वस्तांना यात फसवणूक दिसतच नाही, आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याच संस्थांची वाटते. पैसा कामावरच खर्च झाला असं सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सही तुमची, खोटी बिलं तुमच्या दप्तरात. चौकशी लागली की दलाल सापडत नाही. १२ए, ८०जी रद्द होण्याची पाळी येते, विश्वस्तांवर फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. टक्केवारीचा शब्द निघाला की तिथेच बोलणं थांबवा.

पैसे गेलेच असतील तर बदनामीला घाबरून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. दिलेल्या चेकचं पेमेंट बँकेत थांबवा, डिजिटल सही दुसऱ्याच्या हाती गेली असेल तर ती रद्द करून घ्या.

वसतिगृहाच्या संस्थेची ती दोन कोरी लेटरहेडं अजून बाहेरच आहेत. विश्वस्तांनी तसा ठराव करून बँकेला आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाला लेखी कळवलं, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत सोबत जोडली. आता प्रत्येक लेटरहेडवर क्रमांक छापलेला असतो आणि जावक रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय त्यावर शिक्का पडत नाही.