मराठी मीडियमवाल्यांनी हा क्लास नक्की करा (दादर स्टेशनजवळचा स्पोकन इंग्लिश)
मी पूर्ण मराठी मीडियम, पाचवीपासून इंग्रजी, कारण राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली आणि तोवर आमची बॅच पुढे गेलेली. ऑफिसात ईमेल लिहिते व्यवस्थित पण फोनवर समोरचा इंग्रजीत सुरू झाला की घशाला कोरड पडायची. म्हणून तीन महिन्यांची संध्याकाळची बॅच लावली.

मॅडम एक नंबर. पहिल्याच दिवशी छोटा आरसा हातात दिला न् म्हणाल्या, 'वेस्ट' दोनदा बोल, एकदा पश्चिम आणि एकदा बनियन. आपल्याकडे दोन्हीला एकच व, त्यामुळे मला फरकच कळेना. मग त्यांनी दाखवलं, पश्चिमेला ओठ गोल, बनियनला वरचे दात खालच्या ओठावर. इतक्या वर्षांत शाळेत कुणी सांगितलं नव्हतं हे! चुकलं तरी कुणी हसत नाही, मध्येच मराठीत विचारलं तर मराठीतच समजावतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तक्रार एकच, बॅचमध्ये पंचवीस जण, बोलायला जेमतेम तीन-चार मिनिटं मिळतात, फी भरताना मात्र 'पर्सनल अटेन्शन' म्हणून सांगितलेलं. ते सुधाराच.

आणि इंग्रजी हवंच हो, हायकोर्टाचं कामकाजसुद्धा त्याच भाषेत चालतं, आपल्याच केसमध्ये वकील काय बोलतोय ते कळायला नको? मुलांना मराठी शाळेतच घाला, माझी मुलगी तिथेच आहे, पण सोबत असं शिकवणारं कुणीतरी शोधा. गेल्या आठवड्यात बंगलोरच्या क्लायंटशी वीस मिनिटं बोलले, कागदावर काहीही न लिहिता.