आपल्या गावचे लघुपट, आपल्याच गावात

दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला आणि १९४४ साली त्यांचे निधन नाशिकमध्येच झाले. तरीही पांडवलेण्यांच्या पायथ्याचे त्यांचे स्मारक सोडले, तर या शहरात चित्रपटाविषयी आस्थेने बोलण्याच्या जागा फारशा आढळत नाहीत. म्हणूनच नाशिकशी नाते सांगणाऱ्या लघुपटांचा एका छोट्या सभागृहात झालेला हा एकदिवसीय महोत्सव मी मुद्दाम सकाळपासून रात्रीपर्यंत पाहिला.

सर्वांत लक्षात राहिला तो रहाडीवरचा लघुपट. रहाड म्हणजे वर्षभर मातीखाली बुजवून ठेवलेला पेशवेकालीन हौद; तो रंगपंचमीला उघडला जातो, त्यात रंग कालवला जातो आणि मग ‘धप्पा’ मारण्यासाठी, म्हणजे त्या रंगात उडी घेण्यासाठी, अवघी आळी लोटते, हे सारे दिग्दर्शकाने निवेदनाचा एकही शब्द न वापरता, केवळ फावड्यांच्या आणि पाण्याच्या आवाजांवर उभे केले आहे. अवकाळी पावसात सापडलेल्या द्राक्षबागेची कथा मात्र शेवटी भाषणात विरली; बागाईतदाराचा चेहरा पुरेसा बोलका असताना त्याच्या तोंडी तो उपदेश कशासाठी घातला, हे कळले नाही. उरलेले बहुतेक लघुपट बेताचेच होते.

व्यवस्थेत उणिवा होत्या. दोन लघुपटांचा आवाज इतका फाटत होता की संवादांसाठी इंग्रजी उपशीर्षकांचा आधार घ्यावा लागला, आणि मराठी प्रेक्षकाला तो घ्यावा लागणे काहीसे विनोदीच. प्रत्येक खेळानंतरची चर्चा मात्र मनमोकळी झाली. पुढच्या वर्षी लघुपट कमी निवडावेत आणि चर्चेला अधिक वेळ द्यावा.