ताग: भारताचा आणि बांगलादेशाचा

फाळणी झाली तेव्हा तागाची बहुतेक उत्तम शेतं पूर्व बंगालात गेली आणि गिरण्या हुगळीकाठी राहिल्या. मग भारताने पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमध्ये तागाची लागवड झपाट्याने वाढवली, तर पलीकडे गिरण्या उभ्या राहिल्या. नारायणगंजची प्रचंड आदमजी मिल 1951 मध्ये सुरू झाली, 2002 मध्ये बंद पडली.

आज उत्पादनात भारत पुढे, निर्यातीत बांगलादेश. आपला ताग घरातच खपतो, कारण 1987 च्या कायद्याने धान्य आणि साखरेसाठी तागाच्या पोत्यांची सक्ती करता येते. हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, पण माझ्या मते आपल्या गिरण्या त्या पोत्यातच अडकून बसल्या. बांगलादेशाने सूत आणि कच्चा ताग विकून बाहेरची बाजारपेठ राखली. बियाण्यासाठी मात्र तो बराचसा भारतावर अवलंबून आहे. भारतात तयार झालेलं जेआरओ-524 वाण तिकडेही पेरलं जातं.

शेतकऱ्याचं दुखणं दोन्हीकडे एकच. कापलेल्या जुड्या दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवायच्या, मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून हाताने धागा सोडवायचा. पावसाने ओढ दिली की डबकी आटतात, थोड्या गढूळ पाण्यात धागा काळवंडतो आणि भाव पडतो. एवढी मेहनत करून पैसा सुटणार नसेल तर शेतकरी भाताकडे किंवा मक्याकडे वळणारच. त्याला थांबवायचं असेल तर सक्तीच्या पोत्यांपेक्षा कुजवण्यासाठी स्वच्छ पाणी आणि वेळेवर हमीभावाने खरेदी आधी हवी.