अ‍ॅरन, लोपापेसा की फेअर आइल: कुठला स्वेटर घ्यावा?

अस्सल लोकरीच्या स्वेटरवर एकदाच भरपूर पैसे घालायचे असतील, तर तो कुठल्या थंडीत वापरणार हे आधी ठरवा.

उघड्यावरचा वारा आणि भुरभुर पाऊस असेल, तर आइसलँडचा लोपापेसा घ्या. तिथल्या मेंढीच्या अंगावर दोन थर असतात. वरचे लांब, राठ केस पाणी ओघळवून टाकतात आणि आतली मऊ लोकर ऊब धरते. लोपी या तिथल्या धाग्यात दोन्ही एकत्र येतात आणि त्याला पीळ फारच कमी असतो, म्हणून स्वेटर जाड दिसला तरी अंगावर हलका वाटतो. खांद्याभोवती नक्षीचं गोल कडं असतं. हा प्रकार प्राचीन वाटतो, पण तो रुजला विसाव्या शतकाच्या मध्यावर. तो टोचतो मात्र. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हवाच. घेताना लेबल नीट वाचा. लोकर आइसलँडची असली, तरी विणकाम दुसऱ्याच देशात झालेलं असू शकतं. २०२० पासून ‘इस्लेन्स्क लोपापेसा’ हे नाव तिथे कायद्याने राखीव आहे: लोकर तिथल्याच मेंढ्यांची आणि वीण तिथेच, हाताने घातलेली. राजधानी रेक्याविकमध्ये विणकरांच्या संघटनेचं (स्थापना १९७७) स्वतःचं दुकान आहे. तिथे गेलात तर तिथूनच घ्या. पैसे विणणाऱ्या हातांपर्यंत पोचतात.

डब्लिन-लंडनसारख्या शहरात राहत असाल, तर आयर्लंडचा अ‍ॅरन. वेण्या, चौकटी, मधाच्या पोळ्यासारखी वीण. या उंचसखल विणीत हवा अडकते आणि ऊब टिकते, पण लोकर जास्त लागते, म्हणून वजनही वाढतं. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख तिच्यावरून पटायची, ही दुकानात ऐकू येणारी गोष्ट खरी नाही; तिच्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. खरा इतिहास मला त्याहून मोलाचा वाटतो. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मंडळाने पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब भागांत घरगुती उद्योगांना चालना दिली आणि तिथल्या अ‍ॅरन बेटांवरच्या बायकांनी विकण्यासाठी विणता विणता ही शैली घडवली. आज दुकानांत बहुतेक माल मशीनवर विणलेला, मऊ मेरिनो लोकरीचा असतो. रोज वापरायला तो चांगलाच आहे, फक्त त्याला हातविणीचा भाव देऊ नये.

पुण्या-नाशिकच्या जानेवारीसाठी मात्र मी स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांचा फेअर आइलच सुचवेन, तोही बिनबाह्यांचा. रंग पुष्कळ दिसले तरी एका ओळीत दोनच धागे चालतात. एक पुढे विणला जातो तेव्हा दुसरा मागून जातो, त्यामुळे बारीक धाग्याचाही दुहेरी थर होतो. १९२०च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सने तो गोल्फ खेळताना घातला आणि त्याची फॅशन पसरली. घेण्याआधी उलटा करून पाहा: मागचे धागे लांब, लोंबते असतील तर अंगठी अडकणारच.

तिन्ही स्वेटर हाताने, थंड पाण्यात धुवा आणि आडवे पसरून वाळवा; दोरीवर टांगलात तर ताणले जातात. पावसाळ्याआधी धुऊन, पूर्ण वाळवून घट्ट पिशवीत ठेवा. घामाचे डाग राहिले, की कसर आधी तिथेच लागते.