ट्रॅक्शन उपकरण : सात महिन्यांच्या वापरानंतर

ताठरता आली की लिंग वरच्या अंगाला वाकायला लागलं. कातडीखाली शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी कडक हाताला लागायचं. चार महिने मी कुणाजवळ बोललो नाही. माझं मन उडालंय असं बायकोला वाटत राहिलं, आणि त्या गैरसमजाचा त्रास दुखण्याहून जास्त झाला.

युरॉलॉजिस्टनी नाव सांगितलं, पेरोनीज डिसीज. लिंगातल्या ताठ होणाऱ्या भागाभोवती एक चिवट आवरण असतं. त्यावर वण धरला की तेवढी जागा ताणली जात नाही आणि त्या बाजूला बाक येतो. हा कॅन्सर नव्हे, हे ऐकून मला रडू आलं.

तोवर मी मनानेच व्हिटॅमिन ई घेत होतो. ते त्यांनी बंद करायला लावलं, बाकावर त्याचा उपयोग होत नाही. शॉकवेव्हने, म्हणजे बाहेरून ध्वनिलहरींचे हलके धक्के देण्याच्या उपचाराने, दुखणं कमी होऊ शकतं, बाक नाही. कोलॅजिनेजच्या, म्हणजे वण विरघळवणाऱ्या एन्झाइमच्या, इंजेक्शनचा पर्याय होता. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली आहे, पण क्वचित लिंगाच्या आवरणाला गंभीर इजा होण्याचा धोका असतो. माझा बाक ४० अंशांचा. आधी ट्रॅक्शन, म्हणजे उपकरणाने लिंगाला हळूहळू ताण देणं, करून बघू, असं ठरलं.

रोज दोनदा, अर्धा-अर्धा तास. लिंगाच्या टोकामागे पट्टा बसवायचा आणि उपकरणाच्या दांड्या हळूहळू लांबवत ताण द्यायचा. पहिल्या महिन्यात पट्टा सारखा निसटायचा, म्हणून मी तो जास्त आवळला. दहा मिनिटांत टोक निळसर पडलं, बधिर झालं. घाबरून काढलं, तेव्हा कुठे रंग परत आला. त्यानंतर खाली मऊ कापड गुंडाळलं, पट्टा सैल ठेवला आणि दर दहा मिनिटांनी रंग बघायची सवय लावली. मुंग्या आल्या तर लगेच काढा, वेळ पुरी करायच्या नादी लागू नका.

पहिले तीन महिने काहीच फरक दिसला नाही. उपकरण कपाटात टाकायच्या बेतात होतो. मग बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी का नाही बोललास?" पुढचे महिने तिच्यामुळे निभावले.

नुसत्या नजरेवर विसंबू नका. पूर्ण ताठरतेत, दर वेळी त्याच बाजूने फोटो घ्या आणि त्यावर कोनमापक ठेवून मोजा. माझं माप आज २८ अंश आहे. आखडलेली लांबी अर्धा सेंटीमीटर परत आली. गाठ हाताला अजून लागते. दुखणं थांबलं, पण त्याचं श्रेय मी उपकरणाला देणार नाही, ते बहुतेकांचं काळाबरोबर आपोआप कमी होतं. संबंध मात्र आता विनात्रास होतात, आणि माझ्यासाठी तेच मोठं आहे.

अजून दोन महिने वापरणार आहे. फोटोची वेळ आली की कोनमापक आता बायकोच काढून देते.