कॅरॅमल सफरचंदांसाठी क्लिपचा कँडी थर्मामीटर

अमेरिकेत शरद ऋतूत सफरचंदांची तोडणी सुरू झाली की किराणा दुकानांच्या दर्शनी फळीवर कॅरॅमल सफरचंदांचे, म्हणजे काडीवर खोचून लोणी-साखरेच्या कॅरॅमलमध्ये बुडवलेल्या सफरचंदांचे, सामान येते : लाकडी काड्या, कागदात गुंडाळलेले मऊ कॅरॅमलचे चौकोनी तुकडे, फळाभोवती नुसती ताणून बसवायची कॅरॅमलची पातळ चकती, आणि बहुधा एका टोकाला टांगलेला काचेचा कँडी थर्मामीटर, म्हणजे पातेल्याच्या काठाला क्लिपने अडकवून उकळत्या पाकाचे तापमान मोजायचे साधन. घरी केलेल्या कॅरॅमल सफरचंदांबद्दलची तक्रार सहसा एकच असते. कॅरॅमल फळावर टिकत नाही, हळूहळू ओघळते आणि बुडाशी त्याचे थारोळे साचते. या तक्रारीवर फळीवरच्या साऱ्या सामानात हा थर्मामीटरच खरा उपाय आहे, असे माझे मत आहे.

कॅरॅमलचे तापमान म्हणजे एका अर्थाने त्यात उरलेल्या पाण्याचे माप असते. उकळताना पाणी उडून जाते, साखरेचे प्रमाण वाढते आणि उत्कलनबिंदू चढत जातो. सफरचंदासाठी हे मिश्रण ११८ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे अमेरिकी फॅरेनहाइट मोजपट्टीवर सुमारे २४५ ते २४८ अंशांपर्यंत न्यावे लागते. ११५च्या खाली उतरवलेले कॅरॅमल सुंदर दिसते, पण गार झाल्यावरही वाहत राहते. १२५च्या पुढे गेलेले फळाला घट्ट धरते, मात्र दातांची परीक्षा पाहते. आपल्याकडे गोळीबंद पाक ओळखायला गार पाण्यात थेंब टाकतात, तीच परीक्षा इथेही लागू पडते. अडचण एवढीच की लोणी आणि आटवलेले दूध घातलेले मिश्रण बराच वेळ ११०च्या आसपास रेंगाळते आणि मग भराभर चढते, त्यामुळे पातेले आचेवर ठेवून बोटांत गोळी वळत बसलो तर तेवढ्यात हवा तो क्षण निघून जातो. थर्मामीटरचा पारा, खरे तर त्यातला लाल द्रव, हा चढ डोळ्यांसमोर दाखवतो.

या साध्या थर्मामीटरचे दोष मात्र लक्षात घेऊनच तो विकत घ्यावा. त्याचा फुगा मिश्रणात पूर्ण बुडाला पाहिजे आणि तळाला टेकताही कामा नये. रुंद पातेल्यात थोडेसेच कॅरॅमल केले तर या दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. म्हणून अरुंद, उंच आणि जाड बुडाचे पातेले घ्यावे. सहा लहान सफरचंदांसाठी साधारण ११५ ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम ब्राऊन शुगर, अर्धा कप कॉर्न सिरप (मक्याचा गोड पाक) आणि २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क एवढे प्रमाण पुरते आणि फुगाही नीट बुडतो. वाफेने काच धुरकट होते, ती वरचेवर पुसावी लागते. आकड्यांची छपाई काचेच्या बाहेरून असेल तर ती घासणीने पुसट होते. आत कागदी पट्टी असलेला थर्मामीटर त्यापेक्षा पुष्कळ बरा. वापरण्यापूर्वी तो उकळत्या पाण्यात धरून पाहावा. समुद्रसपाटीला १०० अंश दिसायला हवेत. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या शहरात पाणी ९५च्या सुमारास उकळते, तेव्हा कॅरॅमलही तेवढेच अंश आधी उतरवावे.

थर्मामीटरच्या आवाक्याबाहेरची गोष्ट म्हणजे फळाची साल. दुकानातल्या सफरचंदांवर चकाकीसाठी मेणाचा खाद्य थर असतो आणि त्यावरून कॅरॅमल सरळ घसरते. फळे काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून खरखरीत फडक्याने पुसली की साल निस्तेज होते. ती तशीच झालेली हवी. शीतकपाटातून काढलेल्या फळावर दव धरते, म्हणून फळे आधी खोलीच्या तापमानाला येऊ देऊन पूर्ण कोरडी करावीत. बुडवतानाही थर्मामीटर उपयोगी पडतो : आचेवरून उतरवलेले कॅरॅमल ९० ते ९५ अंशांपर्यंत निवू दिले तर थर जाड बसतो, आणि तसेच कढत वापरले तर पातळ होऊन गळतो. फळ बाहेर काढल्यावर काडी फिरवत जास्तीचे निथळू द्यावे, बूड पातेल्याच्या काठाला पुसावे आणि लोणी लावलेल्या कागदावर ठेवावे.

कॅरॅमल घरी न करता त्याचे तयार तुकडे वितळवण्यात कमीपणा काही नाही. क्राफ्ट या अमेरिकी खाद्यपदार्थ कंपनीतील डॅन वॉकर यांनी १९५०च्या दशकात हॅलोविन सणाच्या शिल्लक कॅरॅमलपासूनच हा पदार्थ केला, असे श्रेय त्यांना दिले जाते. तुकड्यांत दोन चमच्यांहून अधिक पाणी घालू नये, एवढे पथ्य पाळले की काम भागते. फळाभोवती ताणायच्या तयार चकतीबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. ती सुरकुत्या पडून बसते आणि देठापाशी उघडीच राहते.

झालेली सफरचंदे शीतकपाटातच ठेवावीत. २०१४ साली अमेरिकेत कॅरॅमल सफरचंदांतून लिस्टेरिया या जिवाणूची साथ पसरली होती. काडीच्या छिद्रातून झिरपणारा रस कॅरॅमलखाली साचून जंतूंना पोसतो, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. थर्मामीटरच्या खरेदीबद्दल सांगायचे तर, चिक्की, काजूकतली किंवा पाकातले लाडू वर्षभर करणाऱ्या घराला हा थर्मामीटर एका ऋतूपुरता राहणार नाही. ज्यांच्याकडे कढत पाकात चालणारा डिजिटल थर्मामीटर आधीच आहे, त्यांनी हा घेण्याची गरज नाही.